गाव रिकामं करणारे मावसाजी

माझ्या मावसाजींनी आयुष्यात जेवढे दंड पाहिले तेवढे चेहरे पाहिले नसतील. चांदा जिल्ह्यात वैनगंगेच्या दोन्ही अंगांना असा माणूस सापडणं कठीण, ज्याला त्यांनी एकदा तरी दंडाला धरलेलं नाही; आणि असं गाव सापडणं त्याहून कठीण, जे त्यांना येताना पाहून पळालेलं नाही. मावसाजी देवी काढत, म्हणजे देवीचा रोग होऊ नये म्हणून गावोगाव लस टोचत हिंडत. अंगात खाकी कोट, डोक्यावर कुठल्याशा साहेबाने जाताना दिलेली भली थोरली टोपी, सायकलच्या मागे पत्र्याची पेटी आणि पेटीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या लशीच्या नळ्या. दंडावर ठेवून फिरवायचं ते दातेरी हत्यार मात्र पेटीत नसे. ते कोटाच्या वरच्या खिशात असे, जिथे इतर लोक फाउंटन पेन लावतात. माणूस भेटला की रामराम घालण्याआधी त्यांचा हात समोरच्याच्या डाव्या दंडावर जाई, बाहीवरूनच वण चाचपले जात, आणि त्यावरून त्या माणसाविषयी त्यांचं जे मत होई ते जन्मभर टिके. नावं ते सपशेल विसरत. "तो नाई का जी, दोन वण मोठे अन् तिसरा बुजलेला," असं ते सांगू लागले की मावशीला बरोबर कळायचं, तहसील कचेरीतल्या बड्या कारकुनाबद्दल चाललं आहे.

माझं शिक्षण नागपूरला, कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात राहून झालं. आई लहानपणीच गेली, वडील रेल्वेत, सारखी बदली. तेव्हा सुट्टीतलं माझं घर म्हणजे मूल या गावी मावशीचं. न्यायला मावसाजी येत, आणि त्या दिवशी मी सकाळपासून मनात म्हणत असे की त्यांनी फाटकाबाहेरच थांबावं. ते कधीच थांबले नाहीत. एकदा खुद्द मदर सुपीरियर त्यांना भेटायला बाहेर आल्या. मावसाजींनी टोपी न काढता नमस्कार केला आणि मदरच्या मनगटापर्यंत आलेल्या बाह्यांकडे मोठ्या निराशेने पाहत राहिले. मग मला म्हणाले, "बाईले विचार, यायच्या मुलखात डाव्या दंडावर काढतात का उजव्या?" आजूबाजूला माझ्या वर्गातल्या मुली उभ्या होत्या. मी मदरना इंग्रजीत सांगितलं की ते आपली प्रकृती विचारताहेत. मदर हसून म्हणाल्या, उत्तम आहे, देवाची कृपा. मी मावसाजींना सांगितलं, डाव्या. "मंग आपल्यासारखंच हाये," ते समाधानाने म्हणाले आणि मदरकडे पाहून त्यांनी अशी मान डोलावली की जणू दोन देशांमधला एक जुना वाद मिटला. छोट्या गाडीने मूलला पोचेपर्यंत मी खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. आत त्यांनी सगळ्या डब्याचे दंड तपासले.

मावसबहिणीच्या लग्नाच्या बोलणीत त्यांनी पत्रिका, शेती, घरदार काहीच विचारलं नाही. मुलगा चहा प्यायला लागला तसे म्हणाले, "जरा कोट काढा जी." मुलाकडच्या मंडळींचे चेहरे पडले, त्यांना वाटलं, अंगावर चट्टा वगैरे असल्याची चहाडी कोणी केली. मुलाने कोट काढला, बाही वर केली. मावसाजी उठून जवळ गेले, दंड उजेडाकडे वळवला आणि मागे वळून मावशीला म्हणाले, "पाह्य, चारही गोल. असं काम आता कोणी करत नाई." आतून मावशीचा आवाज आला, "जवाई हाये तो, बैल नाई. बसा खाली." लग्न ठरलं. पुढे कळलं की त्या चार गोल वणांचे कर्ते मावसाजीच होते. मुलगा लहान असताना त्यांनीच ते टोचले होते, त्याला भाताच्या तणसाच्या ढिगातून ओढून काढून.

हे ओढून काढणं त्यांच्या गोष्टींचा मुख्य विषय होता. दुसऱ्यांच्या घरी वाघाच्या गोष्टी सांगत, आमच्याकडे लपलेल्या पोरांच्या. जंगलातल्या गोंडांच्या गावात खाकी कोट दुरून दिसला की आधी कुत्री भुंकत, मग एखादा ढोल वाजे, आणि बायका पोरं काखोटीला मारून झाडीत शिरत. देवी काढली की दंड सुजतो, ताप येतो, खपली धरते. आणि हे सगळं अंगात खाकी असलेला माणूस येऊन करतो, त्यामुळे त्या लोकांना रोग आणि मावसाजी यांत फारसा फरक वाटत नसे. मावसाजींनी त्यावर तोडगे काढले होते. गावात वाटेने जायचंच नाही, जंगलाच्या अंगाने शिरायचं. विहिरीपाशी जाऊन बसायचं, "पाण्याले तं येतीनच." मोहफुलं वेचायच्या वेळेला झाडाखाली गाठायचं, तेव्हा हात गुंतलेले असतात. हे सांगताना ते उठून उभे राहत, वाकून चालून दाखवत, आणि शेवटी पकडलं गेलेलं पोर कसं रडलं त्याचीही नक्कल करत. आम्ही पोट धरधरून हसत असू. एकदा मी विचारलं होतं, "मावसाजी, तुम्हाला वाईट नाही वाटत, सगळं गाव पळतं त्याचं?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "वाईट काऊन? खेळ हाये तो, बाई. लेकरं पळतेत, मंग लाजतेत, मंग येतेत. मायेनं पळतेत."

असे हे मावसाजी आरोग्य नोकरांच्या युनियनचे अध्यक्ष होते. युनियन म्हणजे जिल्ह्यातले देवी काढणारे, दवाखान्यांतले ड्रेसर, दाया आणि वॉर्डातले नोकर. बैठक आमच्या अंगणात, बाजाराच्या दिवशी भरे. ठराव पास करायची त्यांची पद्धत जगात कुठे नसेल. हात नुसता वर करायचा नाही. डावी बाही खांद्यापर्यंत गुंडाळून दंड दाखवायचा. ज्याच्या दंडावर वण नाही त्याचं मत धरलं जात नसे. एक म्हाताऱ्या दायबाई जन्मभर टोचून घ्यायला तयार नव्हत्या, त्या केवळ एका ठरावाला विरोध करता यावा म्हणून टोचून घेऊन पुढच्या बैठकीला आल्या आणि सुजलेला हात वर करून बसल्या. या सगळ्याला आवरून धरणारे चिटणीस म्हणजे आरमोरीच्या दवाखान्यातले ड्रेसर शेखभाऊ. बारीक, शांत, पान खाणारे. मावसाजी गरजत आणि शेखभाऊ मग हळूच सांगत, की अध्यक्ष नेमकं काय म्हणाले.

युनियनची खरी मागणी एकच होती. देवी काढणाऱ्यांत मावसाजींसारखे दोघे-चौघे सोडले तर बाकी सगळे हंगामी. थंडीत कामावर घ्यायचं, उन्हाळा लागला की घरी पाठवायचं. मग ते खाकी कोट खुंटीला लावून तेंदूपत्ता तोडत, दुसऱ्याच्या बांध्यांत धान रोवत आणि पुन्हा बोलावणं येईल की नाही याची वाट पाहत. त्यांना कायम करून घ्यायचं, हे मावसाजींनी भर बैठकीत स्वतःचा दंड उघडा करून कबूल केलं होतं. मी शाळा संपवून, पुढे कॉलेज की लग्न हे ठरेपर्यंत, मूलला राहायला आले तेव्हा अर्ज जाऊन जाऊन थकले होते. मावसाजींना वाटलं, मराठीत लिहिल्यामुळे होत नाही. म्हणून मला बैठकीत बसवून घेतलं. "हे आमची इंग्रजी," अशी त्यांनी माझी ओळख करून दिली. मला चारचौघांत तोंड उघडायची भीती, आणि त्यांच्या बोलीत बोलायला गेले की मीच मला खोटी वाटे. त्यामुळे मी खाली मान घालून लिहीत असे. "लिही, आमच्यावर लोकायचा भरोसा हाये. जिल्ह्यात असं एक घर नाई जेथी आमचा माणूस गेला नाई." मी ते चांगल्या इंग्रजीत लिहिलं.

राजधानी नागपूरहून मुंबईला गेली त्यानंतरच्या निवडणुकीत हेच वाक्य कोणीतरी गंभीरपणे वाचलं. आमच्या भागातून उभे होते ते भाताच्या गिरणीचे मालक. त्यांच्यासमोर एक गोंड मास्तर होते, जंगलातल्या शाळेत शिकवलेले, आता नोकरी सोडून उभे राहिलेले. गावांत, बाजारात गिरणीवाल्यांचं वजन होतं. पण नदीपलीकडच्या जंगलात त्यांना कोणी ओळखत नव्हतं आणि मास्तरांना सगळे ओळखत होते. गिरणीवाले स्वतः मोटार घेऊन आमच्या अंगणात आले, मावसाजींच्या पाया पडले, दंड चाचपू दिला. म्हणाले, "भाऊ, जंगलात घरोघर गेलेले तुमचेच माणसं. मले तेवढे मतं आणून द्या. मी निवडून आलो की तुमचे हंगामी लोक कायम. मंत्र्यायले सांगतो, नाई तं दारात बसतो." मावसाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या दृष्टीने जिल्ह्याने शेवटी एकदाचं मान्य केलं होतं, की आरोग्य नोकर म्हणजे कोण.

अडचण एवढीच होती की नोकरीत असताना प्रचार करायला बंदी. शेखभाऊंनी वाट काढली. हंगाम चालूच होता. माणसांनी नेहमीसारखं कोट घालून, पेटी घेऊन, टोचायच्या कामावरच जायचं आणि बोलता बोलता मताचं सांगायचं. कोणाला बोट दाखवायला जागा नाही. बैठकीत झाडून सगळे दंड वर झाले. यात काय चुकतं आहे हे इतक्या अनुभवी माणसांत एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. त्यांच्या गोष्टींना मी लहानपणापासून हसत आले होते, आणि त्या खऱ्या आहेत असं मात्र मी कधी धरलंच नव्हतं.

मावसाजी स्वतःही निघाले, आणि "बाईमाणूस पाहून बाया थांबतीन" म्हणून मला छकड्यात बसवून घेतलं. बरोबर शेखभाऊ. नदी उतरून पुढे गेलो. पहिल्या गावात चुली पेटलेल्या होत्या, भात शिजत होता, माणूस नव्हता. दुसऱ्या गावात एका अंगणात पाळणा अजून हलत होता. मावसाजी मोठ्याने म्हणाले, "या जी, आज टोचत नाई, आज दुसरं काम हाये." रिकाम्या गावाला ते सांगताना त्यांनी टोपी काढली होती. शेखभाऊ पान लावत म्हणाले, "भाऊ, झाडाझुडपायचे मतं असते तं आपण निवडून आलो होतो."

तिसऱ्या गावात एक बाई सापडली. बाळंतीण होती, तिला पळता आलं नव्हतं. ती दारात पाठ लावून उभी होती आणि तिने पोराला लुगड्यात असं गुंडाळलं होतं की त्याचे दोन्ही हात आत दाबून जावेत. मावसाजी पुढे होऊन काही बोलणार तोच ती माझ्याकडे पाहायला लागली. माझ्या पायांत शाळेचे काळे बूट होते. तिला मी कोणी मोठी डॉक्टरीण वाटले असेन. ती वाकून आत गेली, टोपलीखालची कोंबडी काढली आणि तिचे पाय बांधून माझ्या बुटांपाशी आणून ठेवली. तिच्या हालचालीत भीती होती, पण घाई नव्हती. रोजचं काम करावं तशी ती ते करत होती.

"हे काऊन?" मावसाजींनी विचारलं.

"दरसाल देतो ना," ती मोडक्या मराठीत म्हणाली. "लेकराले नका टोचू."

"कोणाले देतेस दरसाल?"

तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांच्या कोटाकडे बोट केलं. "ह्याले."

मावसाजी वाकले, कोंबडीच्या पायांची दोरी सोडली, आणि ती कोंबडी लगेच पळाली नाही, तिथेच चोच मारत राहिली, तेव्हा त्यांनी तिला हलकेच ढकललं. मला त्या बाईशी काहीतरी बोलायचं होतं. इंग्रजीत मला क्षमा मागण्याच्या कितीतरी तऱ्हा शिकवल्या होत्या. तिच्या भाषेत मला एक शब्द येत नव्हता, आणि माझी मराठी तिला हुकमासारखी वाटली असती; ती माझ्याकडे ज्या आदराने पाहत होती त्याने मला बूट काढून टाकावेसे वाटले. आम्ही परतलो. छकड्यात मावसाजी म्हणाले, "शेखभाऊ, आपल्यातले कोण घेतेत कोंबड्या?" शेखभाऊंनी पिंक टाकली. "कायम झाले की नाई घेणार, भाऊ. चैतात पोट काय म्हणते ते तुमाले माहीत नाई. तुमी कायम हाये." मला कळत नव्हतं की यात कोणाची लाज कोणी धरावी.

मतदानाच्या दिवशी जंगलातल्या एका शाळेत पेट्या ठेवल्या होत्या. युनियनचे लोक शाळेजवळ उभे राहू शकत नव्हते, म्हणून नियमाप्रमाणे दूर, जंगलातून पायवाटा जिथे बाहेर पडतात तिथे एकेक जण, कामावरच आहे असं दिसावं म्हणून, कोट घालून उभा राहिला, लोकांना रामराम घालायला. मावसाजींनी सगळ्यांना बजावलं होतं, हसतमुख राहा. मी आणि मावशी छकड्यात बसलो होतो. मला मत द्यायचं वय नव्हतं आणि मावशीचं नाव मूलला होतं. ऊन चढलं तशी पलीकडच्या भाताच्या बांधीच्या धुऱ्यावर, काठच्या उंचवट्यावर, माणसं दिसू लागली. धुतलेली लुगडी, डोक्याला फडकी, कोणाच्या केसांत फुलं. लग्नाला निघाल्यासारखी ती ओळीने येत होती. मग पुढचा माणूस थांबला. ओळ थांबली. एका बाईने पोर खाली होतं ते उचलून कडेवर घेतलं. मावसाजींनी टोपी हलवून हाक दिली, "या, या." ओळ वळली.

तेव्हा मावसाजींनी जे केलं ते आठवलं की अजून हसू येतं आणि ते पुरतं यायच्या आत थांबतं. त्यांनी कोट काढून फेकला आणि नुसत्या बंडीवर, धोतर सावरत, बांधीतून त्या लोकांच्या मागे पळत सुटले. "आज मत हाये जी, टोचनं नाई. थांबा ना जी." लोक काय थांबणार? आतापर्यंत ते झपाझप चालत होते, आता जिवाच्या आकांताने धावू लागले. मावशी छकड्यात उभी राहून म्हणाली, "अवं माय, हा माणूस काय करून राह्यला." शेखभाऊ पाठीमागून, आवाज न चढवता, सांगत होते, "भाऊ, पळू नका. मागं लागल्यासारखं दिसते."

मावसाजी धापा टाकत परत आले आणि म्हणाले, सगळ्यांना वाटांवरून काढा, घरी पाठवा, दुसऱ्या ठिकाणीही निरोप धाडा. शेखभाऊ जवळ आले आणि हळूच बोलले. मी तिथेच होते म्हणून ऐकू आलं. "भाऊ, हे मतं आपले नव्हते. हे मास्तरचे होते. गेले तं जाऊ द्या ना." मावसाजी त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी वाटांवर उभ्या असलेल्या आपल्या माणसांकडे पाहिलं. विटके कोट, अनवाणी पाय, आणि प्रत्येकजण सांगितल्याप्रमाणे हसतमुख. त्यांना कायम करायचं वचन दिलेलं होतं. मावसाजी छकड्याच्या दांडीवर बसले. मावशीने पाणी दिलं, ते हातात धरून बसले. दोनतीनदा जंगलाच्या कडेला लोक आले, थांबले आणि वळले, आणि आम्ही ते सगळेच पाहत होतो. ऊन पार कलल्यावर मावसाजी एकदम उठून म्हणाले, "कोट काढा सगळ्यायचे." काढले. त्यानंतर पाचपन्नास माणसं आली असतील. शाळेत तोवर पेट्या बंद करायची तयारी चालली होती.

गिरणीवाले निवडून आले. थोडक्यात आले, आणि जंगलातली मतं पडली असती तर आले नसते, हे सगळ्यांना माहीत होतं. जिल्ह्यात एकच बोलणं झालं, की देवीवाल्यांनी निवडणूक फिरवली. चांद्यापासून लोक मावसाजींचा मुत्सद्दीपणा वाखाणू लागले. आमच्या अंगणात मंडप घातला, झेंडूचे हार आले. गिरणीवाले भाषणात म्हणाले, "भाऊंनी असा बंदोबस्त केला, का मास्तरचं माणूस पेटीपाशी पोचलंच नाई." टाळ्या पडल्या. मावसाजी उठून म्हणाले, "आमी काई केलं नाई जी. लोक आमाले भ्याले." गिरणीवाल्यांनी हात जोडून मंडळींकडे पाहिलं. "पाहा, मोठा माणूस कसा बोलते." पुन्हा टाळ्या. मावसाजींनी आणखी एकदा सांगून पाहिलं, आवाज चढवून, आणि ते जसजसं खरं बोलत तसतसं लोकांना ते अधिकच धूर्त वाटू लागले. शेवटी ते खाली बसले. पंगतीत कोंबडीचा रस्सा होता. हंगामी लोकांनी वर्गणी म्हणून कोंबड्या आणल्या होत्या, जंगलातल्या, गावठी, एकेकाने दोनदोन. मावसाजींनी वाढणाऱ्याला विचारलं, "कोठच्या ह्या?" तो हसला आणि पुढच्या पानाकडे सरकला. "आज माझा उपास हाये," मावसाजी म्हणाले. तो कसल्याही उपासाचा दिवस नव्हता. माझ्या पानात रस्सा वाढून झाला होता. मी भाताने तो झाकत राहिले.

पावसाळ्याआधी हंगामी लोक कायम झाले. गिरणीवाल्यांनी शब्द पाळला. ज्या दिवशी हुकूम आला त्या दिवशी मोठमोठी माणसं आमच्या ओट्यावर बसून रडली, त्यांच्या बायकांनी मावशीची ओटी भरली, आणि ते रडणं खोटं नव्हतं. मावसाजीही रडले. त्यानंतर काही दिवसांनी ते मला म्हणाले, "बाई, मास्तरकडे जाऊन येऊ. एकट्यानं जायाची लाज वाटते."

मास्तर अंगणात बसून खाटेचा दोर ओढत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि ते पळाले नाहीत, याचंच मावसाजींना इतकं बरं वाटलं की वाटेत पाठ केलेलं सगळं ते विसरले. म्हणाले, "मास्तर, आमच्यानं लोक भ्याले."

"माहीत हाये," मास्तर म्हणाले. "मीबी पळालो असतो, पण उमेदवार होतो."

मावसाजी हसले, मास्तर हसले, आणि मग मावसाजींना ते हसणं आवरेना. आवरलं तेव्हा ते कोटाच्या बाहीने डोळे पुसत होते. मास्तरांनी खाटेची दुसरी बाजू त्यांच्या हातात दिली. दोघे दोर ओढू लागले. ओढता ओढता मास्तर म्हणाले, "देवी काढाले पायजेच, भाऊ. रोगानं माणसं मेलेले पाह्यले मी. पण तुमी जंगलाच्या अंगानं येता. जंगलाकडून कोण येते? चोर येते, नाई तं वाघ." मावसाजींनी मान हलवली. कोंबड्यांचं ते बोलले नाहीत. मास्तरांनीही काढलं नाही, आणि त्यांना ते ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

मावसाजींनी अध्यक्षपद सोडलं. शेखभाऊ अध्यक्ष झाले आणि फार चांगले झाले. आता आरमोरीला त्यांच्या दारापुढे मोटारी उभ्या असतात. जनपद सभेची निवडणूक असो की बदलीचं काम असो, आरोग्य नोकरांच्या युनियनला विचारल्याशिवाय जिल्ह्यात पान हलत नाही असं म्हणतात. बैठकीत दंड उघडे करायची पद्धत त्यांनी बंद केली. नुसता हात वर करतात. प्रत्येक उमेदवार त्यांना आडून आडून तेच विचारतो, की तुमची माणसं नुसती वाटेवर उभी राहतील का. शेखभाऊ हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. मी त्यांना वाईट म्हणू शकत नाही. त्यांच्या माणसांची पोरं आता शाळेत जातात.

मी नागपूरला कॉलेजात आहे. मागच्या सुट्टीत मूलला गेले तेव्हा मावशीने तक्रार केली, की हा माणूस रविवारी घरी सापडत नाही. पेटी नाही, कोट नाही, टोपी नाही. सायकल घेऊन नदीपार जातो, गाडीवाटेने उघडउघड गावाशी येतो आणि वेशीवरच्या मोहाखाली बसून राहतो. टोचणं नाही, बोलणं नाही. परत येतो. जेवताना मी त्यांना विचारलं, "मग? अजून पळतात का लोक?"

"पळतेत ना," ते भात कालवत म्हणाले. "काऊन नाई पळणार."

मावशी म्हणाली, "तं मंग जाता कशाले?"

त्यांनी घास घेतला, पाणी घेतलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पण आता तेवढे दूर नाई जात. बांधीच्या धुऱ्यापाशी थांबतेत. तेथून पाहतेत, हा कवा जाते म्हून." त्यांनी ताटात आणखी भात वाढून घेतला. "लेकरायले उन्हात उभं राहा लागते. म्हून मी लवकर निघतो."